दोन यंत्रं, दोन आकडे: १५.८ खरं की ८.६?

भौतिकवाली (सांगली)

नमस्कार मंडळी. वय ५६, उंची १५५ सेंमी, कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. बीपीसाठी चार वर्षं टेल्मिसार्टन ४० चालू आहे. शुगर नाही, तंबाखूचा प्रश्नच नाही.

आमच्या स्टाफने मिळून हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलं होतं. उपाशीपोटी रक्त दिलं, मग चहा-उपमा झाला, आणि शेवटी एका खोलीत आडवं करून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना बीपीचे पट्टे बांधले. चारही एकदम फुगले. घोट्याचा पट्टा बराच आवळतो, तोंडातून 'आई गं' निघालंच. कागद हातात आला: धमन्यांतल्या नाडीच्या तरंगाचा वेग (पल्स वेव्ह व्हेलॉसिटी) उजवीकडे १५८०, डावीकडे १६१० सेंमी प्रति सेकंद. बीपी १४६/८६. खाली लाल पट्टीत 'धमन्यांचं वय ६५ ते ६९'. मिस्टर ६१ चे आहेत. ते म्हणाले, "आता मी तुला अहो-जाहो करायला हवं."

सहा आठवड्यांनी पुण्याला गेले होते. तिथे भाच्याने ओळखीच्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्यायला लावलं. तिथलं यंत्र वेगळं होतं. एकाच दंडाला पट्टा, दोन-तीन मिनिटांत काम फत्ते. बीपी १३८/८२, पल्स वेव्ह व्हेलॉसिटी ८.६ मीटर प्रति सेकंद, हिरवी पट्टी, 'वयानुरूप'. शिवाय 'ऑगमेंटेशन इंडेक्स ३१ टक्के' असं काहीतरी, त्याचा अर्थ तिथे कुणालाच सांगता आला नाही.

१५८० सेंमी म्हणजे १५.८ मीटर. सगळीकडे मर्यादा १० लिहिलेली दिसते. म्हणजे एका कागदाप्रमाणे मी मर्यादेच्या दीडपट, दुसऱ्याप्रमाणे आत. तरंगाचा वेग ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो हे मला ठाऊक आहे. त्या हिशेबाने सहा आठवड्यांत माझ्या धमन्यांचा ताठरपणा तिपटीहून जास्त उतरला. एखाद्या विद्यार्थ्याने एकाच तारेच्या रोधाची अशी दोन रीडिंग्ज आणली, तर मी त्याला जोडणी तपासायला परत पाठवते.

तर प्रश्न असा की ही दोन यंत्रं नक्की काय मोजतात, आणि कोणत्या पद्धतीवर विश्वास ठेवायचा? कृपया लसणाच्या पाकळ्या सुचवू नका, आधीच खाते.

रिटायर्ड_७१

ताई, पैसे उकळायचे धंदे आहेत. आमच्या सोसायटीत शिबिर होतं, बोटाला चिमटा लावला आणि मिनिटभरात 'रक्तवाहिन्यांचं वय ४४' असं कार्ड दिलं. माझी २०१६ मध्ये बायपास झाली आहे. कार्ड लॅमिनेट करून ठेवलंय.

टोनोमीटर

ताई, मी शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी केली ती याच विषयावर. जवळपास दोनशे लोकांच्या मानेवर आणि जांघेत प्रोब धरून बसले आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

तुमच्या दोन कागदांवरच्या दोन्ही आकड्यांना नाव एकच दिलंय, पण वाट वेगळी आहे. सारा घोटाळा तिथून सुरू होतो.

संशोधनात ज्याला प्रमाण मानतात ती मोजणी मान ते जांघ अशी असते. मानेतल्या कॅरोटिड धमनीवर आणि जांघेतल्या फिमोरल धमनीवर नाडीचा तरंग टिपायचा, दोन्ही तरंग चढू लागतात त्या क्षणांमधला वेळ काढायचा, आणि टेपने मोजलेल्या अंतराला त्या वेळेने भागायचं. यात मुख्यतः महाधमनी मोजली जाते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला फुगून धक्का पचवणारी नळी हीच, आणि वयाबरोबर खरी ताठर होते तीही हीच. फ्रान्सच्या कॉम्प्लिओर यंत्रात दोन्हीकडे एकदम सेन्सर बसतात. ऑस्ट्रेलियाच्या स्फिग्मोकॉरमध्ये पेनासारखा टोनोमीटर (नाडीचा तरंग टिपणारा सेन्सर) आधी मानेवर, मग जांघेवर धरतात आणि ईसीजीच्या आधाराने दोन्ही तरंग जुळवतात. (नव्या मॉडेलमध्ये जांघेऐवजी मांडीला पट्टा असतो.) ती १० मीटरची मर्यादा या वाटेची आहे. फक्त या वाटेची.

तुमचा पहिला कागद दंड ते घोटा या वाटेचा. या वाटेत महाधमनी आहेच, पण तिच्या पुढे पायातल्या लांबलचक स्नायुमय धमन्याही आहेत. त्या मुळातच जास्त ताठ, त्यांत तरंग जोरात पळतो. म्हणून आकडा मोठा येणारच. १५.८ ला १० च्या शेजारी ठेवणं म्हणजे एसटीचा वेग एक्स्प्रेस-वेवर मोजून गल्लीतल्या पाटीशी ताडून पाहण्यासारखं.

आणि गंमत ऐका. या पद्धतीत तुमच्या अंगाला टेप लागलाच नाही, आठवून बघा. अंतर उंचीवरून काढतात. जपानी यंत्रांतल्या सूत्रात घोट्यापर्यंतचं अंतर म्हणजे उंचीला ०.८१२९ ने गुणून १२.३२८ मिळवायचे, आणि दंडापर्यंतचं म्हणजे उंचीला ०.२१९५ ने गुणून २.०७३४ वजा करायचे. १५५ सेंमीला हा फरक सुमारे १०६ सेंमी येतो. १५८० ने भागा, ६७ मिलिसेकंद. तुमच्या यंत्राचं सूत्र असंच असेल तर त्याने खरोखर मोजलं ते एवढंच: ६७ मिलिसेकंद. बाकीचं सरासरी जपानी माणसाचे हातपाय.

तरी ही पद्धत टाकाऊ नाही, उलट आपल्याकडे तीच जास्त चालते, आणि त्याला कारण आहे. जांघेत प्रोब ठेवायचा म्हणजे साडी-परकर सैल करायचा, पडदा लावायचा. मी स्वतः बाई असूनही निम्म्या बायका आधी नकोच म्हणायच्या. एक आजी म्हणाल्या, "नाडी बघायची तर मनगट आहे की, तिकडे कशाला?" दंड-घोट्याला मात्र कुणी हरकत घेत नाही, आणि कुणाच्या हाताच्या कसबावरही फारसं अवलंबून नाही. चार पट्ट्यांचं देशी यंत्रही आहे. हैदराबादच्या निम्स या वैद्यकीय संस्थेत त्याची पडताळणी होऊन २००५ मध्ये निबंधही आला होता.

आता दुसरा कागद. एकाच दंडावरच्या पट्ट्याने 'वेग' कसा मोजता येईल? वेगाला दोन ठिकाणं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! असली यंत्रं दंडावरच्या तरंगाचा आकार बघतात आणि बाकीचं गणिताने भरून काढतात. काही यंत्रं पट्टा सिस्टॉलिकच्याही (बीपीच्या वरच्या आकड्याच्याही) वर फुगवून महाधमनीच्या टोकाहून परतून येणाऱ्या तरंगाचा वेळ शोधतात. काही मात्र वय आणि सिस्टॉलिक बीपी यांवरच जवळजवळ सगळं उत्तर काढतात. तुमचं दुसऱ्या जातीचं असावं असा माझा अंदाज. पुन्हा योग आला तर टेक्निशियनला विनंती करून वय ५६ ऐवजी ३६ टाकायला सांगा. बाकी काही न बदलता काय होतं ते इथे कळवा.

ऑगमेंटेशन इंडेक्सचं थोडक्यात. परतणारा तरंग मूळ तरंगावर किती चढतो, त्याची ती टक्केवारी. नाडी मंद असली की वाढते, म्हणून ७५ ठोक्यांना दुरुस्त करून देतात. बुटक्या माणसांत जास्त, बायकांत जास्त, आणि साठीच्या पुढे फारशी वाढतही नाही. १५५ सेंमीच्या बाईला ३१ आला म्हणून झोप उडवू नका. तो ताठरपणाचा थेट आकडा नव्हेच.

रिटायर्डकाका, तुमच्या चिमट्याने उंचीला बोटाच्या तरंगातल्या दोन शिखरांमधल्या वेळाने भागलं असणार. तुमच्या वयाला दुसरं शिखर बहुधा दिसतच नाही, मग यंत्र जिथे सापडेल तिथे ते मानून घेतं. बोटं गार असली की आणखी गोंधळ.

जाता जाता, नाडीच्या तरंगाचा आलेख कागदावर काढून बीपीचा आजार ओळखू पाहणारा पहिल्या काही डॉक्टरांतला एक, फ्रेडरिक अकबर महोमेद, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचा. १८७२ मध्ये त्याने आपला स्फिग्मोग्राफ मांडला. बीपीचा पट्टा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्याचे आजोबा शेख दीन महोमेद पाटण्याचे. मनगटावर बोटं ठेवून 'नाडी कठीण आहे' म्हणणाऱ्या वैद्यांच्या देशातून गेलेलं घराणं, हे मला फार आवडतं.

नागोयाकर

गेली नऊ वर्षं जपानमध्ये आहे. इथे 'निंगेन डॉक्' म्हणून वार्षिक तपासणी असते, तिच्यात चार पट्टे नेहमीचेच. दंड-घोट्याच्या आकड्याला इथे पूर्वी १४०० ला सावध करायचे. उच्च रक्तदाबाच्या २०१४ च्या जपानी मार्गदर्शिकेत अवयवांवर परिणाम धरायला १८०० ठेवले आहेत. म्हणजे ताईंचे १५८० मधल्या पट्ट्यात. लाल रंग जरा जास्तच भडक वाटतो.

माझ्या क्लिनिकमध्ये मात्र 'कावी' हा ताठरपणाचा वेगळा निर्देशांक मोजतात. तेच चार पट्टे, शिवाय छातीच्या मधोमध हृदयाचे आवाज ऐकणारा छोटा मायक्रोफोन. टोनोमीटरताई जास्त नीट सांगतील, पण मला समजलं ते असं: बीपी वाढलं की धमनी तेवढ्यापुरती ताणून ताठर होते, मग नळी तीच असूनही तरंगाचा वेग वाढतो. कावीत त्या वेळचं बीपी हिशेबात धरून हा परिणाम कमी केलेला असतो. ८ च्या खाली ठीक, ८ ते ९ सीमेवर, ९ च्या वर लक्ष द्या. माझा ७.९ आला. नर्सबाईंनी लवून अभिनंदन केलं, मीही लवलो, तोपर्यंत एक पट्टा पायातच होता.

टोनोमीटर

बरोबर. हे जपानमध्येच तपासलं गेलं, २०११ च्या आसपास. निरोगी माणसांना मेटोप्रोलॉल हे बीपीचं औषध दिल्यावर बीपी उतरलं, दंड-घोट्याचा वेगही उतरला, पण कावी हलला नाही. डॉक्साझोसिन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाने मात्र कावीही उतरला, कारण त्याने धमनीच्या भिंतीतले स्नायू खरोखर सैल होतात. म्हणजे वेग उतरला की नळीच सैल झाली असं मानता येत नाही. ताईंच्या दोन मोजण्यांत बीपी १४६ आणि १३८ होतं, हेही विसरू नका. पण कावीची वाटही पायांतून जाते, आणि त्याची मर्यादा मुख्यतः जपानी लोकांवर बेतलेली आहे.

सोनोग्राफीने मानेतली धमनी दर ठोक्याला किती फुगते हे पाहता येतं. आयआयटी मद्रासच्या केंद्राने त्यासाठी चित्राशिवाय चालणारं छोटं यंत्रही केलं आहे. एमआरआयने थेट महाधमनीचा कमानीजवळचा भाग दिसतो. दोन्ही उत्तम, पण चेकअपच्या पॅकेजात ती शोधू नका.

एमडी_मेडिसिन

मॅडम, चर्चा छान चालली आहे, पण एक डॉक्टर म्हणून मधे बोलतो. या आकड्यावरून टेल्मिसार्टन वाढवू किंवा बंद करू नका.

२०१८ च्या युरोपियन मार्गदर्शिकेने मान-जांघेचा वेग १० च्या वर असणं हे उच्च रक्तदाबाने अवयवांवर झालेल्या परिणामाचं लक्षण मानलं आहे, आणि त्याच दमात सरसकट सगळ्यांची ही चाचणी करू नये असंही म्हटलं आहे. आकडा निरर्थक नाही. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा वेग १ मीटरने जास्त असेल तर हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटनांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी जास्त आढळला होता. पण तुमच्या बाबतीत आज ठरवायचंय ते बीपी ताब्यात आहे की नाही, आणि ते आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजल्याने जास्त नीट कळेल. दोन्ही ठिकाणी तुमचं बीपी १३५ च्या वर आहे. माझं लक्ष तिथे गेलं, १५८० कडे नंतर.

आणखी एक. पहिल्या कागदावर घोटा-दंड बीपीचं गुणोत्तर असेल, ते पाहा. ०.९ च्या खाली असेल तर पायात अडथळा असू शकतो. मग तरंग उशिरा पोचतो आणि वेगाचा आकडा खोटाच चांगला दिसतो. १.४ च्या वर असेल तर घोट्याची धमनी इतकी कडक की पट्ट्याने नीट दबत नाही. नाडी अनियमित असेल तर यातली कुठलीच मोजणी धरू नका.

भौतिकवाली (सांगली)

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, गुणोत्तर १.०८ आहे, नाडी नियमित. घरी सात दिवस मोजलं, सरासरी १२९/७९ आली. चेकअपच्या दिवशी चहा नुकताच झाला होता आणि आमचे प्राचार्य शेजारच्या खाटेवर होते. दोन्हींपैकी कशामुळे १४६ झालं ते सांगता येत नाही.

आता प्रयोग. दिवाळीनंतर पुण्याला गेले तेव्हा त्या पोराला समोसा खायला घातला आणि वय बदलायला सांगितलं. दंड तोच, पट्टा तोच, पाच मिनिटांचं अंतर. वय ५६: बीपी १३६/८२, वेग ८.५. वय ३६: बीपी १३७/८१, वेग ६.६. पोरगा स्क्रीनकडे बघतच राहिला. म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये नव्हतं सांगितलं."

मग मी शोधून युरोपातल्या संदर्भ-गटाच्या आकडेवारीवरून बनवलेलं सूत्र काढलं, ज्यात फक्त वय आणि सरासरी बीपी टाकायचं असतं. सरासरी म्हणजे डायस्टॉलिकमध्ये (खालच्या आकड्यात) वरच्या-खालच्या फरकाचे चार दशांश मिळवायचे. माझ्या पहिल्या पुण्याच्या भेटीचे ५६ आणि १०४.४ टाकले, उत्तर ९.४. यंत्राचे ८.६. तंतोतंत नाही, पण घराणं एकच दिसतंय. म्हणजे त्या हिरव्या पट्टीने मला माझं वय आणि माझं बीपीच परत वाचून दाखवलं, ते मी घरून घेऊन गेले होते. राग त्या यंत्रावर नाही. कागदावर 'मोजलेला वेग' छापलंय, त्याचा आहे.

टोनोमीटर, तुमच्या पद्धतीने मोजायचं असेल तर कुठे जाऊ? आणि काय पथ्य पाळू?

टोनोमीटर

यंत्राला वयाने फसवणाऱ्या तुम्ही पहिल्या नव्हेत, पण समोसा देऊन फसवणाऱ्या बहुतेक पहिल्याच.

मेडिकल कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात विचारा, कुणा ना कुणाचा प्रबंध चालू असतो आणि त्यांना माणसं हवीच असतात. तीन तास आधी चहा, कॉफी, जेवण नको. शांत खोली, निदान दहा मिनिटं आडवं, बोलायचं नाही आणि झोपायचंही नाही. (झोप आवरणं सर्वांत अवघड. माझे निम्मे काका घोरायचे.) दोनदा मोजायला सांगा. दोन आकड्यांत ०.५ पेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा, आणि मधला धरायचा. अंतर मात्र टेपने नीट मोजतायत का ते बघा. टेप पोटावरून वळसा घेऊन गेला तर आकडा फुगतो.

भौतिकवाली (सांगली)

मिरजेला जाऊन आले. एक पीएचडी करणारी मुलगी भेटली, तिला माणसं हवी होती, मला आकडा. सकाळी साडेसात, चहाशिवाय. त्यागाची नोंद घ्यावी. पडदा, चादर सगळं व्यवस्थित होतं. मानेवर पेन धरल्यावर गिळायचं नाही म्हणाली, आणि तेव्हाच गिळावंसं वाटतं.

बीपी १३४/८०. मान ते जांघ टेपने सरळ ५९ सेंमी. दोन मोजण्या, ९.५ आणि ९.७. सरासरी ९.६. तिच्याकडे चार पट्ट्यांचं यंत्रही होतं, त्याच खाटेवर लगेच तेही लावलं: १४९०. म्हणजे एकाच सकाळी, एकाच बाईत ९.६ आणि १४.९, आणि दोन्ही आपापल्या वाटेवर बरोबर. संदर्भाच्या तक्त्यात पन्नाशीतल्या निरोगी लोकांची सरासरी ८.३ आहे. म्हणजे मी ६७ ची नाही, पण शाळकरी पोरगीही नाही.

पण मला खरी मजा आली ती तिच्या वहीत. वेळ ४९ मिलिसेकंद होता. ५९ सेंमीला ४९ मिलिसेकंदांनी भागलं तर येतात १२.०, ९.६ नव्हे. विचारलं तर म्हणाली, सरळ टेपचं अंतर खऱ्या वाटेपेक्षा जास्त भरतं, म्हणून २०१२ पासून त्याचे ८० टक्केच धरायचे असं ठरलंय. ५९ चे झाले ४७.२. पूर्वीची मर्यादाही १२ होती. तिलाही ०.८ ने गुणलं तर ९.६ येतात, आणि लोकांना लक्षात राहावं म्हणून त्याचे १० केले.

म्हणजे २००७ च्या युरोपियन मार्गदर्शिकेप्रमाणे मी बरोब्बर रेषेवर, आजच्या मर्यादेप्रमाणे रेषेच्या चार दशांश आत, आणि सगळा फरक पूर्णांकात बदलण्याचा. बारावीच्या प्रॅक्टिकलला मी याचे अर्धे मार्क कापते.

आमच्या डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आहे. पुढच्या वर्षी त्याच मुलीकडे, त्याच यंत्रावर, तशाच सकाळी. तिचा प्रबंध तोवर संपला नाही तर.

रिटायर्ड_७१

मग माझं कार्ड काढू का?